कपाटाच्या दारातली आई

आमच्या घरात आई कपाटात राहायची. हे ऐकून लोक दचकतात, म्हणून आधी खुलासा करते.

मी पावलं टाकायला लागण्याआधीच आई तापाने गेली. तिचा एकच फोटो होता, लग्नातला, घरातल्या अल्तारशेजारच्या, म्हणजे देवाच्या वेदीशेजारच्या, भिंतीवर टांगलेला. आमचं घर वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाडीत. विहिरीचं पाणी पाटातून घराच्या पायापर्यंत झुळझुळत यायचं आणि त्याच्याबरोबर भिंतीत ओल यायची. त्या ओलीतून वाळवी फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यात शिरली आणि आतल्या आत खात सुटली. काचेवर धूळ होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. सणासाठी घर झाडताना बाबांनी फ्रेम खाली काढली, तेव्हा आत बाबांचे बूट आणि फोटोवाल्याच्या सतरंजीची झालर एवढंच शिल्लक होतं. ते बूट बाबा तेव्हाही चर्चला घालत होते, म्हणजे त्यांच्या फोटोची तशी कोणाला गरज नव्हती. मला आजही त्या वाळवीचा राग येतो. खायचेच होते तर बूट खायचे होते.

दुसरा फोटो कुठून मिळणार? आईचं माहेर किल्ल्याच्या बाजूला. आजीआजोबा लवकर वारले, एकुलता एक मामा बोटीवर नोकरीला लागला आणि परदेशातच स्थायिक झाला. विचारायला कोणी उरलं नव्हतं. पण बाबांकडे आईने सांगितलेली एक गोष्ट होती आणि ती ते मला अधूनमधून जेवताना सांगत. आईचं लग्न व्हायच्या आधी किल्ल्यात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. बाजाराचा देखावा हवा होता. माणसं कमी पडली, म्हणून आईच्या आळीतल्या सगळ्या पोरीबायांना बोलावलं, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक टोपली दिली आणि भर उन्हात उभं करून ठेवलं. लग्नानंतर बाबा आईला घेऊन तो सिनेमा बघायला गेले. बाजार आला तशी आई बोट दाखवायला खुर्चीतून अर्धी उठली, पण तोवर पडद्यावर हिरॉइन आली होती. मागचा माणूस ओरडला, खाली बसा. बाबा ही गोष्ट सांगताना तिथे आले की हसायचे, आणि मग पाण्याचा लोटा उचलून उगाच दोन घोट प्यायचे.

आई म्हणायची, पडद्यावर नाही तर नाही, पोस्टरावर मी आहे. त्या बाजाराचा कोणीतरी फोटो काढला होता आणि तीच गर्दी पोस्टराच्या खालच्या बाजूला घेतली होती. तिने ते स्टेशनाजवळच्या भिंतीवर बघितलं होतं. बाबांनी बघितलं नव्हतं.

मी चौथीत असेन तेव्हा तोच सिनेमा आमच्या बाजारातल्या थिएटरात पुन्हा लागला. जुने सिनेमे असे फिरून फिरून यायचे. थिएटरचे मालक शेठ म्हणूनच ओळखले जायचे, गुजराती, पण तीन पिढ्या वसईत काढल्यामुळे आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलायचे. बाबा त्यांच्या घरी केळी द्यायला जात. सिनेमा उतरल्यावर बाबांनी त्यांच्याकडे पोस्टर मागितलं आणि गुंडाळी करून, वर गोणपाट लपेटून सायकलवरून घरी आणलं. माजघरात अंथरलं, चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवले. हिरो-हिरॉइन वर एकमेकांना बिलगलेले, मागे किल्ल्याचा बुरूज आणि खाली टोपल्याच टोपल्या. बाबा गुडघ्यांवर बसून एकेक तोंड बघत गेले. मला वाटलं आता यांना सापडत नाही. मग डावीकडच्या एका पोरीवर त्यांनी बोट ठेवलं.

“ही बघ. ही तुजी आई.”

अल्तारशेजारी ते पोस्टर लावणं शक्यच नव्हतं. फादर आशीर्वादाला घरी येत, आणि येशूच्या हृदयाच्या तसबिरीशेजारी असं मिठी मारलेलं जोडपं त्यांना दाखवायचं म्हणजे काय! आमच्याकडेच राहणारी माझी आत्या तर म्हणाली, चुलीत घाल. शेवटी बाबांनी ते कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून टाचण्यांनी लावलं. दार बंद केलं की घर धर्मात, उघडलं की सिनेमात. आत्या नाक मुरडत राहिली, पण तिच्या साड्याही त्याच कपाटात असल्यामुळे तिला रोज दर्शन घ्यावंच लागायचं.

त्या दारासमोर मी मोठी झाले. फर्स्ट कम्युनियनचा पांढरा फ्रॉक घालून मी आधी कपाट उघडलं होतं. परीक्षेचा निकाल आधी तिथे, मग बाबांना. आत्याने मारलं की अर्धी आत घुसून, डांबराच्या गोळ्यांच्या वासात आईकडे तक्रार. फार देखणी होती ती. डोळे काजळाने कानांकडे ओढलेले, केस मागे फुगवून बांधलेले, ओठ किंचित उघडे, काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखे. मी तिच्यासारखे केस बांधायला शिकले. तिच्यासारखं काजळ घालायला लागले, त्यावरूनही आत्याशी भांडण. घरी येणारा जो तो म्हणायचा, पोरगी आईवर गेली. मला ते खरंच वाटायचं आणि त्या सुखात मी कितीतरी वर्षं राहिले.

पुढे मी गावच्याच शाळेत शिक्षिका झाले. तोवर घराघरात व्हिडिओ आला होता, थिएटरात तिकिटांपेक्षा डास जास्त. शेठ थकले होते. त्यांनी थिएटर बंद केलं आणि सातिवलीच्या गोदामात पडलेला पोस्टरांचा गठ्ठा आमच्या चर्चच्या सणाच्या लिलावाला देऊन टाकला. शाळेचं छप्पर गळत होतं आणि त्यासाठी पैसे उभे करायचे होते.

आमचा हा लिलाव बाहेरच्या माणसाला समजत नाही, म्हणून सांगते. सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की चर्चच्या पटांगणात टेबल मांडायचं. कोणी केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड आणतं, कोणी कोंबडा, भोपळा, केक, विड्याच्या पानांची कवळी, घरची वाइन. पुकारणारा एकेक वस्तू उचलून बोली लावतो. आता दोन गोष्टी. एखाद्याला वस्तू खरोखर हवी आहे असं दिसलं की शेजारीपाजारी मुद्दाम त्याच्यावर बोली चढवतात. ते प्रेमाचं लक्षण, आणि पैसे देवाच्या कामाला जातात, त्यामुळे रागवायचं नसतं. आणि दुसरी गोष्ट, बोली जिंकली की पुकारणारा विचारतो, “कोनाच्या नावानं?” कोणी मेलेल्या माणसाचं नाव घेतलं, तर ती वस्तू घरी न्यायची नाही. पैसे भरून तिथल्या तिथे परत द्यायची, आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. एकच लोंगर असा तीन-तीनदा विकला जातो. जे जितकं प्रिय, तितकं परत देण्यात मोठेपण. बाबा दर सणाला एक लोंगर घेत, तोही बहुतेक वेळा आमच्याच वाडीतला, “बायकोच्या नावानं” म्हणत आणि परत देत. मला लहानपणी ते फार शानदार वाटायचं.

पोस्टरांची बोली कुठून सुरू करायची ते कमिटीतल्या कोणालाच कळेना. मग शेठच्या ओळखीने मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी सणाच्या आदल्या दिवशी आला. पायजमा-शर्ट घातलेला साधा माणूस, मराठी-हिंदीची खिचडी बोलणारा, खिशात भिंग. माझं अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या लिहायला मला त्याच्याबरोबर शाळेच्या हॉलमध्ये बसवलं.

सुरुवातीला मला वाटलं, हा चित्र बघून भाव सांगणार. त्याने चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो आधी पोस्टर उलटं करायचा, पाठीवर तळवा फिरवायचा. खळ लागलेली असली की जीभ चटकारायचा. “भिंतीवर चिकटलं ना टीचर, की संपलं ते. जे कधी चिकटलंच नाही त्याला भाव.” मग कडा. कड कात्रीने छाटलेली असली की किंमत अर्ध्यावर. लोक फ्रेममध्ये बसवण्यासाठी कड कापतात आणि छापखान्याचं नाव नेमकं त्या कडेला असतं. पोस्टरावर साल छापत नाहीत. साल शोधावं लागतं. छापखाना कुठला, तो कधी बंद पडला, पत्ता कधी बदलला, हे त्याच्या डोक्यात होतं. जुन्या छपाईत रंग खडूने घासल्यासारखा दाणेदार दिसतो, नंतरच्या छपाईत भिंगाखाली नुसते ठिपके. जुनी पोस्टरं घडी घालून टपालाने यायची, त्यामुळे घडी असणं वाईट नाही, घडीवर फाटणं वाईट.

“पण मोठी गडबड कुठे होते माहीत आहे?” तो म्हणाला. “सिनेमा जुना, पोस्टर नवीन. दहा-पंधरा वर्षांनी तोच सिनेमा पुन्हा थिएटरात लावतात, तेव्हा नवा पेंटर नवं पोस्टर काढतो. लोक सिनेमाचं साल सांगून विकायला येतात. मी बायांचे केस बघतो. पेंटर हुशार असला तरी बायांचे केस आपल्या जमान्याचेच काढतो.”

मला मजा वाटायला लागली होती. आणि माझ्या घरी तर एक होतं, घडी न पडलेलं, खळ न लागलेलं, कड शाबूत असलेलं. विकायचं नव्हतंच. पण माझ्या आईची किंमत एकदा जाणकार माणसाच्या तोंडून ऐकावी असं मनात आलं. दुपारी जेवायला घरी गेले. बाबा वाडीत होते. टाचण्या काढल्या, गुंडाळी करून घेऊन आले.

त्याने उलटं केलं, तळवा फिरवला, खूश झाला. मग कड बघितली. मग भिंग लावलं आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, “कंडिशन झकास आहे. पण हे पहिलं नाही. हे दुसऱ्या वेळचं. बघा ना, या सगळ्यांचे केस. असे फुगे पहिल्या वेळी होते कुठे?”

मी म्हटलं, गर्दी तर फोटोवरून काढलेली आहे. माझ्या ओळखीचं माणूस आहे त्यात.

तो हसला. वाईट हसला नाही, समजूत घालावी तसा हसला. “टीचर, ही गर्दी पेंटरने मनाने भरलीय. गर्दीला पैसे कमी मिळतात. दोन-तीन तोंडं काढायची आणि तीच तीच फिरवायची.” मग त्याने बोट आधी माझ्या आईवर ठेवलं, तिथून उचलून उजव्या टोकाला एका फेटेवाल्यावर ठेवलं. “हे आणि हे एकच. उलटं फिरवलंय आणि वर मिशी रंगवलीय.”

मी बघितलं. तेच ओढलेले डोळे. तेच किंचित उघडे ओठ, मिशीच्या खाली. इतकी वर्षं ते दोघे एकाच कागदावर, आणि मला तो फेटेवाला कधी दिसलाच नव्हता. हसावं की रडावं ते कळेना. हॉलमध्ये पंखा चालू होता आणि माझ्या हातातल्या कोऱ्या चिठ्ठ्या उडत होत्या. तो बिचारा उठून त्या गोळा करायला लागला.

मग त्याला काय वाटलं कोण जाणे, गठ्ठ्यातून चाळून त्याने एक घडी केलेलं पोस्टर काढलं. “हे घ्या. तुमच्या सिनेमाचं पहिलं. या गठ्ठ्यातला हाच एक हिरा आहे.” सावकाश घडी उलगडली. रंग मंद, दाणेदार. हिरो-हिरॉइन इथे एका कोपऱ्यात होते आणि खालचा अर्धा भाग सगळा बाजार. “इथे फोटोवर रंग चढवलाय. ही माणसं खरी आहेत.”

खरी माणसं दिसायला साधी होती. उन्हाने कपाळाला आठ्या, चोळ्यांच्या बाह्या दंडाशी ताणलेल्या, एकीच्या टोपलीचा तोल गेलेला. एकीने तोंडावर पदर धरला होता. मधोमध दोघी अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. एक दात दाखवून मोकळी हसत होती. दुसरीने त्याच क्षणी मान मागे वळवली होती, तिचा फक्त कान आणि वेणीचा पेड दिसत होता. मी प्रत्येकीत माझं नाक शोधलं. माझी हनुवटी शोधली. एकही बाई माझ्यासारखी दिसेना, आणि दिसणार तरी कशी, मी तर त्या दुसऱ्या पोस्टरासारखी होऊन बसले होते. यातली एक माझी आई होती आणि मला ती ओळखता येत नव्हती. हे दुःख मी नीट सांगू शकत नाही. ज्यांची आई गेली त्यांना काही अंशी कळेल, पण त्यांनाही पूर्ण नाही.

ओळखणारा माणूस एकच होता. पण बाबांना आधीच काय सांगायचं? की कपाटात इतकी वर्षं ठेवलेली ही बाई खरी कोणीच नाही? मी ठरवलं, सांगायचं नाही. उद्या ते पोस्टर बोलीला येईल, बाबा पुढच्या बाकावर असतील, त्यांचं त्यांना दिसू दे. बोली आम्हीच जिंकू, घरी आणू, आणि मग ते बोट ठेवतील. माझ्याकडे पगारातले साठवलेले पैसे होते, ते सगळे पर्समध्ये भरले. कपाटातलं पोस्टर होतं तसं टाचण्यांनी परत लावलं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपली, बँडवाल्यांनी दोन गाणी वाजवली आणि लिलाव सुरू झाला. लोंगर गेले, कोंबडे गेले. पोस्टरांना गावातली माणसं नुसती शिट्ट्या मारत होती, घेत होता तो व्यापारी, झाडाखाली खुर्ची टाकून, नुसती मान हलवून. मग पुकारणाऱ्याने ते घडीचं पोस्टर दोन्ही हातांनी उंच धरलं आणि सिनेमाचं नाव वाचलं.

बाबा उभे राहिले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग टेबलापाशी चालत गेले आणि वाकून बघू लागले. पुकारणाऱ्याने थट्टा केली, “काय रे काका, हिरॉइन आवडली काय?” सगळं पटांगण हसलं. बाबांनी बोली लावली. लगेच आमच्याच शेजाऱ्याने चढवली, डोळे मिचकावत. बाबांनी आणखी लावली. दुसऱ्याने चढवली. प्रेमाने चढवत होते सगळे. झाडाखालच्या माणसानेही मान हलवली. मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि कानात म्हटलं, “पैसे हायत, लाव तू.” त्यांनी इतका मोठा आकडा सांगितला की हसणं थांबलं. एक वार, दोन वार, तीन वार, आणि घंटा वाजली.

पोस्टर बाबांच्या हातात आलं. त्यांनी ते टेबलावर पसरलं. एक घडी उलटी पडत होती ती मी सरळ केली. बाबांना या वेळी शोधावं लागलं नाही. त्यांनी अंगठा सरळ मधोमध टेकवला आणि तोंडातून एक आवाज काढला, हसल्यासारखा. “गो,” म्हणाले. मला नव्हे, तिला. त्यांचा अंगठा वाडीत राबलेल्या माणसाचा, रुंद, नख चिरलेलं, केळीच्या चिकाने कायमचा काळा पडलेला. त्या अंगठ्याखाली मधल्या दोघीही झाकल्या गेल्या होत्या.

मी म्हणणार होते, बाबा, बोट जरा बाजूला घे. तेवढ्यात पुकारणाऱ्याने नेहमीच्या सुरात विचारलं, “कोनाच्या नावानं, काका?”

आणि बाबांनी, दर सणाला सांगत आले तसं, पोस्टरावरून नजर न उचलता सांगितलं, “बायकोच्या नावानं.”

टाळ्या पडल्या. पुकारणाऱ्याने पोस्टर धरून आपल्याकडे ओढलं. त्याचं काहीच चुकलं नाही, तो दर वर्षी हेच करायचा. बाबांचा अंगठा क्षणभर तसाच दाबलेला राहिला. आपण काय बोललो ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, मी ते त्यांच्या तोंडावर बघितलं. जुना कागद होता, घडीवर ताण आला, फाटेल असं झालं. फाटू नये म्हणून त्यांनी सोडलं.

पुन्हा बोली सुरू झाली. गावातलं कोणी बोललं नाही, त्यांची मजा झाली होती. झाडाखालून मान हलली. मी ओरडून बोली लावली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, कारण मेलेल्याच्या नावाने दिलेलं त्याच घरातल्या माणसाने परत मागायचं नसतं. बाबांनी माझं मनगट धरलं. “सोड बाय. दिलं ते दिलं.” मी म्हटलं, बाबा, आई हाय ती. ते म्हणाले, “म्हनूनच.” घंटा वाजली.

बाबा घराकडे चालू लागले. पटांगणातून बाहेर पडताना ते एका बाकाला अडखळले, आणि मी पोस्टर सोडून त्यांच्या मागे गेले. घरी आल्यावर सणाचा कोट काढून ठेवायला त्यांनी कपाट उघडलं. कोट हातात घेऊन दारातल्या त्या चित्राकडे बघत उभे राहिले. डावीकडची पोरगी नेहमीसारखी काहीतरी सांगायच्या बेतात होती.

“ही कोन गो?” त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या हातातला कोट घेतला. ते खाटेवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले, मोठ्याने, पोरासारखे. आई गेली तेव्हा मी तान्ही होते, ते रडणं मला आठवत नाही. तेच असणार हे.

ते शांत झाल्यावर मी पटांगणात धावत परत गेले. मांडव उतरवत होते. व्यापारी केव्हाच एसटीने स्टेशनला गेला होता. पुढच्या आठवड्यात मी शाळेतून रजा घेऊन मुंबईला त्याच्या दुकानात गेले. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. पोस्टर आलं तसं गेलं होतं, एका परदेशी माणसाने पाच-सात एकदम उचलली होती, नाव-पत्ता काही नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला. “टीचर, मला काय कल्पना! तुमच्या वडिलांनी परत दिलं, मला वाटलं, त्यांना नको असेल.”

त्याच्यावर मी रागावू शकले नाही. त्याचं बरोबर होतं. जगात सगळीकडे परत देण्याचा अर्थ तोच होतो.

बाबांना मी विचारलं, अर्थात विचारलं. त्यातली आई कोन, त्या दोघींतली कोनती? “मधली,” ते म्हणाले. मधल्या दोन होत्या, बाबा. “टोपलीवाली.” पुन्हा कधीतरी विचारलं, हसत होती ती? माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ते माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाले, “हा, हा, हासत व्हती.” मला कळलं, हे ते माझ्यासाठी बोलताहेत. आत्याला विचारलं, आई हसरी होती का? ती म्हणाली, लाजाळू होती, कोणाकडे तोंड वर करून बघायची नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, हसायला लागली की थांबायची नाही. मग मी विचारणं सोडलं.

कपाटातलं पोस्टर बाबांनीच उतरवलं. फाडलं नाही, गुंडाळून माळ्यावर टाकलं. टाचण्यांची चार भोकं दारावर राहिली. मी माझे केस पुन्हा साधे बांधायला लागले.

बाबा गेले त्याला आता बराच काळ झाला. त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. मृतांच्या दिवशी मी दफनभूमीत दोन मेणबत्त्या लावते. बाबांची लावताना बाबा दिसतात. आईची लावताना डोळे मिटते, ती हसणारी आणि ती मान वळवलेली, दोघींना शेजारी उभं करते, आणि यातली तू कोणती असं विचारायला जाते, तर त्यांच्यावर बाबांचा तो चिकाने काळा पडलेला अंगठा येतो आणि मला पुढे काही दिसत नाही.